बर्फातल्या लग्नाचा फोटो

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि ते तापावंच असं मला वाटतं. निवृत्त माणसाने शांत राहावं, असं घरचे सांगतात. बाकीच्या बाबतीत राहतो. या एका बाबतीत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. तालुक्याच्या गावांत इंटरनेट नुकतंच पोचलं होतं. आमचा बहुतेक वेळ बंदोबस्त, गस्त आणि नाकाबंदीत जायचा. साध्या तक्रारींचे कागद टेबलावर आपली पाळी येण्याची वाट बघत पडलेले असायचे. एका सकाळी हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. बाजारातला नेटवाला बनावट फोटो बनवून देतो आणि त्यावर लोक कामं करून घेतात, अशी खबर होती. दुपारी त्याच विषयाची फिर्यादही येऊन हजर झाली. खबर आणि फिर्याद एकाच दिवशी जुळी भावंडं असल्यासारखी आली की माझा पहिला संशय फिर्याद देणाऱ्यावर जातो. ही सवय मला नोकरीने लावली.

फिर्याद देणारा मच्छीमार सोसायटीतला वजनदार माणूस होता. त्याचा धाकटा भाऊ सोसायटीचा सभासद होता, तो तापाने वारला होता. नियम असा, की सभासद वारला तर सभासदत्व विधवेकडे जातं. विधवा नसेल तर जवळच्या वारसाकडे, म्हणजे इथे फिर्यादीच्या मुलाकडे. सभासदत्व म्हणजे गावतलावात जाळं टाकायचा हक्क. तो गेला की त्या घराला दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला मजुरीने जाण्यावाचून काही उरत नाही. एक बाई स्वतःला भावाची बायको म्हणवते आणि तिने लग्नाचा खोटा फोटो सोसायटीत दिला आहे, अशी फिर्याद होती.

फोटो बघून आमचे लेखनिक हवालदार चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "साहेब, आपल्या इकडं बर्फ कधी पडला?"

फोटोत नवराबायकोच्या मागे पांढरेशुभ्र डोंगर होते. बाईचा चेहरा मतदार ओळखपत्रावर असतो तसा दचकलेला. नवऱ्याच्या अंगावर साधा सदरा, आणि त्याच्या खांद्यावर कुणा तिसऱ्याच माणसाचा हात राहून गेलेला. चारी बाजूंनी गुलाबी बदाम. फोटो खोटा आहे हे ओळखायला पोलिसात असण्याची गरज नव्हती.

गुन्हा दाखल झाला. वरून फोन आला, "उघड केस आहे. बाईला आणि नेटवाल्याला अटक करा, आठवड्यात दोषारोपपत्र पाठवा."

मी आधी बाईला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवून विचारपूस सुरू केली. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई. मला वाटलं होतं रडेल. ती खुर्ची ओढून बसली आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "फोटो मीच जोडून घेतला, साहेब. लपवून नाई राह्यली मी."

"मग खोटा फोटो दिला हे कबूल?"

"फोटो खोटा हाय. लगन खरं हाय. तुमी कायची केस करून राह्यले?"

मग तिने सांगितलं. तिचा पहिला नवरा लवकर गेला. दुसऱ्याशी, म्हणजे फिर्यादीच्या भावाशी, तिचा पाट लागला. इकडे विधवेच्या लग्नाला पाट म्हणतात. पाटाला मांडव नसतो, बाजा नसतो, सवाष्ण बायका सावलीलाही उभ्या राहत नाहीत. चार म्हातारे बसतात, नवं लुगडं देतात, झालं. तिथे फोटोवाल्याला कोण बोलावतं? दोघांनी तेरा वर्षं संसार केला. मूल नव्हतं. नवरा वारल्यावर सोसायटीतल्या कारकुनाने पुरावा मागितला. ती म्हणाली, सारं गाव पुरावा आहे. कारकून म्हणाला, गाव फायलीला लावता येत नाही, लग्नाचा फोटो आण.

"मंग आणला," बाई म्हणाली. "त्यायले फोटोच पायजे होता. नेटवाल्या भाऊनं इचारलं, मांगं काय टाकू? म्या म्हटलं, चांगलं काई टाक. लगनात त काईच चांगलं नोतं केलं कोनी."

मी पेन खाली ठेवलं. आमच्याच समाजाने तिच्या लग्नाला कॅमेरा येऊ दिला नाही, आणि आता त्याच समाजाची सोसायटी तिच्याकडे फोटो मागत होती. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. हवालदारांना सांगितलं, अटक आज नाही.

पण राग हा पुरावा नसतो. गावात चौकशी केली तर फिर्यादीच्या धाकाने कुणी जबाब द्यायला तयार नव्हतं, आणि पाट लावणाऱ्या चार म्हाताऱ्यांपैकी तीन वारले होते. चौथ्याच्या मुलाची होडी फिर्यादीच्या मेहरबानीवर चालायची. म्हातारा म्हणाला, "मले काई आठवत नाई, बापू." त्याची नजर सारखी दाराकडे होती.

मग मी नेटवाल्याच्या दुकानाचा पंचनामा केला. हा नेटवाला मूळचा फोटोग्राफर. डिजिटल आल्यावर त्याचा धंदा बसला, म्हणून हा नवा मांडला. इंटरनेटवर फुकट मिळणारं जे दिसेल ते तो करून बघायचा. फोटो जोडायचा, वाढदिवसाच्या फोटोंना गाणी लावून सीडीवर सिनेमा करून द्यायचा. माणूस बिचारा घामाने निथळत होता. "साहेब, म्या त लोकायले खुशी देऊन राह्यलो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पंचनाम्यात खिळासुद्धा सुटता कामा नये, हा माझा हट्ट. शिपाई हसायचे, हसू देत. भिंतीवर गिऱ्हाइकांना दाखवायला लावलेले नमुनेही एकेक करून लिहायला लावले. त्यात एक रंगीत झाड होतं. घराण्याची वंशावळ घालायची, इंटरनेटवर झाडाचं चित्र तयार होऊन येतं, असं काहीतरी. पंचांसमोर हवालदार फांदी-फांदीवरची नावं मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"साहेब, हे तर फिर्यादीचं घराणं."

एका फांदीवर धाकट्या भावाचं नाव. त्याला रेघ जोडलेली, पुढच्या चौकटीत 'पत्नी', आणि खाली आमच्या बाईचं नाव. कागदाच्या कोपऱ्यात छपाईची तारीख होती, भावाच्या मृत्यूच्या काही महिने आधीची.

नेटवाल्याने कपाळ पुसलं. "मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी पायजे होती त्यायले वंशावळ. झाड ओकंबोकं दिसते म्हणे. मंग घरातले सारेच टाकले. त्यायनं स्वतः बसून एकेक नाव सांगितलं साहेब."

दुसऱ्या दिवशी फिर्यादीला पुरवणी जबाबाला बोलावलं. चहा पाजला. 'सदर बाईला भावाची पत्नी म्हणून मी कधीच ओळखत नव्हतो,' हे त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग झाड टेबलावर ठेवलं.

त्याने कागद उलटा करून ठेवला. "ते त असंच टाकलं होतं, साहेब. शोभेसाठी."

"आणि त्या फोटोत भावाच्या खांद्यावर हात कोणाचा आहे?" मी विचारलं. भावाचं चित्र ज्यातून कापलं होतं, तो सोसायटीच्या सभेचा मूळ फोटो मी मागवला होता. हात त्याचाच होता.

वरून पुन्हा फोन आला. "फोटो खोटा आहे की नाही?"

"आहे, साहेब."

"मग अटक का नाही?"

"तिने स्वतःचं नसलेलं काहीच मागितलेलं नाही. फसवणुकीचा हेतू नाही. तरी अटक हवी असेल तर आदेश लेखी द्या."

लेखी आदेश आला नाही. गुन्हा बनत नाही, असा माझा समरी अहवाल मात्र गेला, आणि मागोमाग मला दिरंगाईचा मेमो आला. तो मी जपून ठेवला आहे. नोकरीत मिळालेल्या प्रशस्तिपत्रांपेक्षा मला त्याची किंमत जास्त वाटते.

या केसने मला एक धडा दिला. कागद खोटा ठरला म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. पुरावा मागणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, की हा पुरावा या माणसाला आपण कधी मिळू दिला होता का? पुढे मी हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला हे सांगितलं. काहींना पटलं, काहींनी मान डोलावून सोडून दिलं.

सोसायटीने ठराव करून बाईला सभासद केलं, तेव्हा गडबड नको म्हणून मी हजर होतो. कारकुनाने अर्ज पुढे केला. तिने अंगठा उठवला. तो म्हणाला, इथे फोटो लागेल.

बाईने पदर खोचला, सोसायटीच्या सगळ्या संचालकांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "यावेळी एकटीचा चालते, का अजून कोनाले जोडून आनू?"