सुमनशी भांडण

लॅबच्या बाकावर शेजारची बाई नवऱ्याला दटावत होती, “फाइलची आठवणसुद्धा मीच करून द्यायची का?” तो नुसता हसत होता. मी उगाचच त्यांच्याकडे बघत राहिलो.

माझ्या पोटात सुमनच्या, माझ्या बायकोच्या, यकृताचा तुकडा आहे. गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन ती गेली. तुकडा मात्र काम करतोय. माझं शरीर त्याला परका समजतंय का, हे दर महिन्याला रक्तात बघतात.

या वेळी आकडा जरा वाढला होता. “शरीर अजून भांडतंय त्याच्याशी,” म्हणत डॉक्टरांनी गोळी वाढवली.

घरी येऊन गोळी तळहातावर घेऊन बसलो. एवढंच भांडण उरलं होतं, ते मिटवायची मला घाई नव्हती. पण गोळी चुकली की सुमन फार चिडायची. गिळली.