रेवणप्पाच्या तोंडाचा वास

उमरग्यात माझ्या चहाच्या हॉटेलासमोर रेवणप्पाचं मोटारी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळली की लोक त्याच्याकडं आणतात. माणूस लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाय. तरी आख्ख्या बाजारानं त्याला दारुडा ठरवला. त्यात माझी जीभ सगळ्यात पुढं होती, आता कशाला लपवू?

व्हायचं असं. बायको, जगदेवी, गेली अन् त्याला घर खायला उठलं. मग दुपारची भाकर खाऊन तो दुकानातच शटर अर्धं ओढून फरशीवर पडायचा. चारला चहाला आला की पाय लटपटायचे, डोळे लाल, बोलणं अडखळत. "काय रेवणप्पा, आज किती झाली?" म्हणून मी चिडवायची. तो नुसता हसायचा अन् चहा संपला तरी बसून राहायचा. दुसरं बोलायला होतंच कोण त्याला?

लेक शिवलीला माकणीला दिलेली. तिच्या पोरीच्या बारशाला हा वाळे घेऊन हौसेनं गेला. सकाळभर दुकानात मोटारी धुतल्या होत्या. बाजारातलं बोलणं तिथवर पोचलेलं. उंबऱ्यातच व्याही आडवा आला, म्हणाला, "तोंड उघडा." यानं आ केला. गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. शिवलीलाच म्हणाली, "अप्पा, तुम्ही जावा." नातीचं तोंड न बघता माणूस माघारी आला. त्याला आता तीन वर्सं झाली. हे सांगताना तो रडला, अन् मी मेली काय म्हणाले? "मग सोडा की."

यंदा उन्हाळ्यात एक दिवस पाच वाजले तरी तो चहाला आला न्हाय. जास्तच झाली वाटतं, म्हणून मी तणतणत गेले. आत उभी होते तवर काही वाटलं न्हाय. त्याला हलवायला खाली बसले, तर माझंच डोकं गरगरलं. वास तोच, गोडसर. म्या तर जन्मात दारू चाखली न्हाय. तशीच बाहेर पळाले, शटर पुरं वर सारलं, गोरोबा रिक्षावाल्याला हाक मारली. दोघांनी त्याला ओढून काढला अन् दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी वास घेतला अन् म्हणाल्या, "ही दारू नाही. दुकानात काय वापरता?"

तो ट्राय वापरतो, म्या सांगितलं. पुरं नाव ट्रायक्लोरोइथिलीन. मोटारीचा तेलकट चिकटा झटक्यात उतरतो, अन् पेट्रोलसारखं भडकत न्हाय म्हणून रेवणप्पाचा त्याच्यावर लई जीव. पसरट टपात ओतलेलं, झाकण न्हाय, अन् शेजारी ह्याचं अंथरूण.

"त्याची वाफ हवेपेक्षा जड," रेवणप्पा शुद्धीवर आल्यावर बाई त्याला म्हणाल्या. "फरशीलगत साचते. वरचा पंखा फिरून काय उपयोग? तुम्ही रोज तिच्यात झोपताय, नशा चढणारच. यकृत, मूत्रपिंड जाईल, कॅन्सरचीही भीती आहे." मग झाकण लावा, काम उघड्यावर करा, हातमोजे घाला, वेल्डिंग लांब ठेवा, तापल्यावर त्या वाफेचा विषारी वायू होतो, उरलेला गाळ गटारात ओतू नका, असं सगळं बजावलं. "आणि दुकानात झोपायचं नाही."

"मग झोपू कुठं?" रेवणप्पानं विचारलं. घरी, म्हणाल्या बाई. त्यांना म्हणायला सोपं होतं.

म्या शिवलीलाला फोन लावला. आधी माझं पाप सांगितलं, मग बाकीचं. रविवारी ती पोरीला घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली.

रेवणप्पा मागच्या अंगणात काम करत होता, तो हात धुऊन आला. मला वाटलं, आता नातीला उचलंल. न्हाय. लेकीसमोर येऊन उभा राहिला, डोळे मिटले अन् तोंड उघडलं.

"आधी वास घे, बाई."

शिवलीलाला हुंदका आवरंना. तिनं त्याचा हात धरला. त्यानं डोळे उघडलेच न्हाईत. तसाच उभा राहून विचारत होता, "अजून येतोय का?"