उमरग्यातले टाको, आत्याशिवाय

पुण्यात एका मैत्रिणीकडे मेक्सिकन टाको खाल्ले. डुकराचं मांस, त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवलेलं, मक्याच्या लहान पोळीत. लहानपणी जळकोटला आत्या असंच शिजवायची, फक्त सोबत ज्वारीची भाकरी असायची. दिवाळीनंतर उमरग्याला दादाकडे जायचं ठरवलं. टाको करायचे आणि आत्याला वाढायचे.

सोलापूरहून उमरग्याची एसटी घ्यावी. हैदराबादचा रस्ता आता चांगला आहे. मी वाटेत जळकोटला उतरले. आत्या अजून डुकरं पाळते. पूर्वी आमचं सगळं घर पाळायचं. दादा नोकरीला लागला, उमरग्यात नव्या कॉलनीत घर बांधलं, आणि घरात हा विषय बंद झाला. आत्यानं खांद्याचा तुकडा स्वतः निवडला, चरबी वेगळी बांधून दिली. मी पैसे काढले तर रागावली.

"घरच्याला कुणी इकतंय व्हय? उद्या जेवाया येते. दादाचं घर आजून बघितलं न्हाय म्या."

पोळ्यांच्या मक्याला चुना लागतो, तो उमरग्यात कुठल्याही पानटपरीवर मिळतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवला, सकाळी चोळून धुतला, वाटला आणि लहान पोळ्या भाजल्या. मांसाला मीठ, लसूण, जिरं, तेजपान, मोसंबीचा रस. ओव्हन लागत नाही, जाड बुडाचं पातेलं पुरतं. चरबी वितळली की मांस घालायचं, आच अगदी कमी करायची आणि वाट पाहायची. पळी लावताच मांस सुटलं पाहिजे.

वास सुटल्यावर वहिनी खिडक्या लावू लागली. दादानं त्या उघडायला लावल्या. मेक्सिकन आहे, लपवायचं कशाला, म्हणाला. ऑफिसातल्या दोघांना त्यानं जेवायला बोलावलं होतं. आत्याही येतेय, असं मी सांगितलं तेव्हा मात्र त्याचा आवाज खाली आला.

"ती येणार आणि डुकरांचंच बोलणार. या लोकांपुढं नको. तिला डबा ने."

मी आत्याला फोन केला. ती फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होती. पाहुणे आहेत, मी म्हणाले. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पाहुण्यांनी पुन्हापुन्हा वाढून घेतलं, फोटो काढले. हे कुठं शिकलात, एकानं विचारलं. पुण्यात, मी म्हणाले. दादा खूश होता.

दुसऱ्या दिवशी परतताना डबा घेऊन जळकोटला उतरले. आत्यानं डबा हातात घेतला, उघडला नाही. पाव्हण्यांना आवडलं का, विचारलं. लई आवडलं, मी म्हणाले.

"डुकरं कुणाची, इचारलं का कुणी?"

"नाही."

"आन् तू सांगितलंस?"

मी पिशवीची चेन लावू लागले.

"ताटाला न्हाय बोलावलं, डब्याला कशाला बोलावतीस? ने परत."

पुढच्या एसटीला वेळ होता. तिनं चहा केला, मला दिला, आणि डुकरांच्या खोपटाकडं निघून गेली.

पुण्यात पोचल्यावर ते मांस गरम करून खाल्लं. चव उतरली नव्हती. आत्याला फोन लावते, ती उचलत नाही. करून बघणार असाल तर कृती वर दिलीच आहे, बिघडण्यासारखं तीत काही नाही. उमरग्याला थेट जाणाऱ्या गाड्याही आहेत, जळकोटला न थांबणाऱ्या. दादा म्हणतो, आता तसल्याच गाडीनं येत जा.