राणीला कव्हर

काष्टीकरांनीच जिल्ह्याच्या कॅरम स्पर्धेला नकार दिला, असं आमच्या मंडळात अजून सांगतात. ते खरं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जागा पाहायला मीच काष्टीला गेलो होतो. एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने मला तालमीची खोली दाखवली. फेट्याच्या शेमल्याने त्याने बोर्ड पुसला आणि कमरेच्या चंचीतून, तंबाखूतून, लाल राणी काढली.

"पोरं हारवत्यात, म्हनून माझ्यापाशी," तो म्हणाला. "आवंदा खेळ हितंच व्हनार ना, सायेब?"

"इथंच."

"मंग रानी घेतली तुमी. आता कव्हर द्या."

मंडळाच्या सभेत अध्यक्षांना स्पर्धेसाठी राहुरी हवी होती. काष्टीकर नको म्हणतात, असं त्यांनी सांगून टाकलं. मी गप्प बसलो.

राहुरीला अंतिम सामना पाहताना काष्टीचा तो म्हातारा माझ्या शेजारीच येऊन बसला. बोर्डावर एकाने राणी घेतली, पण तिच्यामागून लगेच दुसरी सोंगटी काही त्याला घालता आली नाही. नियमाप्रमाणे पंचांनी राणी परत मधोमध ठेवली.

 म्हाताऱ्याने चंची उघडली, चिमूटभर तंबाखू स्वतः घेतली आणि चंची माझ्यापुढे धरली. तंबाखूत लाल राणी तशीच होती.