आखाजीला बारीक होऊन गेले तेव्हा

खानदेशात राहून वजन कमी करायचं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाकडं घ्यायचं. आमच्याकडे भाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही, तर पाहुणा घरधन्याच्या तोंडाकडे बघतो, काही अडचण आहे का म्हणून. मी जळगावात प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीच्या पोरांच्या वह्या बघायला खाली बसावं लागतं, आणि दोन वर्षांपूर्वी अशी वेळ आली की बसले की उठताना बाकाला धरावं लागायचं. पोरं हसायची नाहीत, उलट दोघी-तिघी मला हात द्यायला धावत यायच्या, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. उंची पाच फूट एक इंच आणि वजन चौऱ्याऐंशी किलो. गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेले तर डॉक्टरीणबाईंनी रक्तही तपासायला लावलं. म्हणाल्या, "साखर काठावर आहे. गोळी आज सुरू करू, की वर्षभर स्वतः प्रयत्न करून बघताय?" मी वर्ष मागून घेतलं.

त्या वर्षातले पहिले तीन महिने मी जो काही मूर्खपणा केला तो सांगायला आता लाज वाटत नाही. आधी लिंबू-मध. मग आठवडाभर काकडी आणि ताक. आठव्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची कचोरी आली आणि मी चार खाल्ल्या. मग गुरुवार धरला. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट, सोबत केळीचे वेफर. जळगावात केळीचे वेफर घरी न आणणं हे शक्यच नसतं, कुणीतरी आणून देतंच. गुरुवारी मी बाकी दिवसांपेक्षा जास्त खात होते, वर देवाचं नाव.

पण खरी फजिती भरतानं केली. हिवाळा लागला की आमच्याकडे शेतात भरताची पार्टी असते. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीवर वांगी भाजायची, बडग्याने ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि वरून तेल. मी मनाशी म्हटलं, वांगं ही भाजी, भाजी चालते. कळण्याची भाकरी तर ज्वारी-उडदाची, तीही चालते. म्हणून त्या महिन्यात बोलावणं आलं त्या प्रत्येक शेतावर मी गेले आणि पोटभर जेवले. पुरी मात्र एकही खाल्ली नाही, याचा मला केवढा अभिमान! महिन्याअखेरीला वजन दोन किलोनं वाढलेलं. तेव्हा भांड्यात वाकून बघितलं, तर भरीत तेलात बसलेलं होतं. एवढी वर्षं ते तेल मला दिसलंच नव्हतं, कारण ते न दिसावं अशीच आमची जडणघडण आहे.

वजन मी करायचे ते शेजारच्या धान्याच्या दुकानात, पोत्यांच्या काट्यावर. घरात काटा आणला तर रोज चढून बघण्याचा नाद लागतो, हे मला माझं ठाऊक होतं. दुकान मारवाडी कुटुंबाचं, आणि रविवारी सकाळी गल्ल्यावर भाभी असायच्या. मी काट्यावर चढले की त्या आकडा मोठ्यानं वाचायच्या, गव्हाचा वाचतात तसाच. मी म्हटलं, भाभी, हळू. त्या म्हणाल्या, "हळू बोलून कमी होणार आहे का?" मला फार लागलं ते. आणि खरं सांगायचं तर त्यानंच मी ताळ्यावर आले.

मग मी मोठे बेत सोडले. तेलाची पळी माळ्यावर टाकली आणि चमचा घेतला. भाकरी सोडली नाही, तिसरी भाकरी सोडली. ताट उचलून छोटी थाळी घेतली. आणखी हवंसं वाटलं की आधी ओटा पुसायचा. ओटा पुसून झाल्यावरही भूक असेल तर घ्यायचं. दहातल्या सात वेळा नसायची. शेवभाजी आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, आणि ती अगदी मन लावून, तर्रीसकट. ती बंद केली असती तर मी महिन्याभरात सगळंच सोडून दिलं असतं. पहाटे साडेपाचला मेहरूण तलावाच्या रस्त्यानं चालायचं, कारण एप्रिल-मेमध्ये सातनंतर जळगावात फक्त वेडे चालतात. कधी पंधरा दिवस काटा हलायचा नाही. कधी लग्नसराईत उलटा फिरायचा. आमचे हे अंगानं काडीसारखे. तीन-तीन पोळ्या तुपाशी खाऊन, "तुझं बरंय, तुला निदान काहीतरी ध्येय आहे," असं म्हणायचे. अशा माणसाबरोबर राहून मी चौदा महिन्यांत चौदा किलो कमी केले. डॉक्टरीणबाईंनी गोळी पुढे ढकलली. मी वर्गात मांडी घालून बसायला लागले आणि कशालाही न धरता उठायला लागले.

मी फार खूश होते. आणि मग आखाजी आली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशातल्या लेकीला दिवाळी एक वेळ चुकली तरी चालते, आखाजीला माहेर चुकत नाही. माझं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागांमधलं गाव. घरी माय, भाऊ, वहिनी आणि त्यांची पोरं. शाळेतल्या कामांमुळे मागची आखाजी आणि मधली दिवाळी दोन्ही बुडालेली, त्यामुळे मायनं मला दीड वर्षात पाहिलेलं नव्हतं. फोनवर मी तिला वजनाचं काही बोललेच नव्हते. वाटलं, बघेल तेव्हा खूश होईल.

मी एसटीतून उतरले, अंगणात पाऊल टाकलं, आणि माय हातातलं सूप घेऊन तशीच उभी राहिली. "कितली वायी गयी वं!" एवढंच म्हणाली. वायी म्हणजे वाळली. मी हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण आली. आखाजीला माय आम्हा लेकी-सुनांना घरी बोलावून बांगड्या भरते, ही तिची ठरलेली रीत. माझ्यासाठी हिरव्या बांगड्या तिनं आधीच बघून ठेवल्या होत्या, नेहमीच्या अडीचच्या मापाच्या. कासारणीनं माझा हात दाबला, बांगडी चढवली, ती सरकन मनगटाच्या वर गेली. हात खाली केला तशी गळून मांडीवर पडली. कासारणीनं मायकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, पोरना हात उतरी गया."

बस. त्यानंतर माय कुणाशी धड बोलेना. कासारणीनं लहान मापाच्या बांगड्या काढून भरल्या, माय तिथून उठून गेली. मी तिच्या मागे चुलीपाशी गेले तर मला म्हणाली, "खरं सांग वं, तठे तुले काय तरास शे का?" तठे म्हणजे सासरी. मी म्हटलं, "काही नही माय. वजन मी मुद्दाम कमी करं." तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी तिच्याशी शुद्ध खोटं बोलतेय. "मुद्दाम कोनी वायस का?"

मी साखर समजावली, गुडघे समजावले, काठावर म्हणजे काय ते समजावलं. मी शिक्षिका आहे, समजावणं माझं पोटापाण्याचं काम. माय ऐकत राहिली आणि दुपारी भावाला बोलावून म्हणाली, फोन लाव. भावानं मुकाट जळगावला फोन लावून स्पीकरवर टाकला. फोनवर माय माझ्या नवऱ्याशी इतकं मऊ बोलली की मला वेगळीच भीती वाटली. "जावाईबोवा, तुमना घर मनी पोरले पोटभर भेटस ना?"

हे पलीकडून म्हणाले, "अहो, स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात आहे. पोटभर मलाच मिळत नाही हल्ली!" भाऊ फस्सकन हसला. मायनं फोन त्याच्या हातात दिला आणि आत गेली. जावई हसण्यावारी नेतोय म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं तिच्या पाठीवरून दिसत होतं. मला तिचा राग आला. चौदा महिने मी जिभेला लगाम घातला, आणि माझ्या आईला त्यात माझा छळ दिसत होता. आणि रागापेक्षाही भीती वाटली. ती अशीच घोर लावून बसली, तर मी जळगावला परत जाऊन तिच्या समाधानासाठी पुन्हा खायला लागेन, हे मला माझं माहीत होतं. माझा सगळा लठ्ठपणा तसाच आलेला होता, कुणाला ना कुणाला बरं वाटावं म्हणून.

संध्याकाळी वहिनी कुरडया गोळा करायला गच्चीवर गेली तेव्हा मी मायजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं, एवढं काय मनाला लावून घेतलंयस? तिनं ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाली, "मनी बहीन बी अशीच उनी व्हती आखाजीले. मी तिले सांगं, आते कशी शोभस!"

मायला एक धाकटी बहीण होती, ती लवकर गेली, एवढंच आम्हा भावंडांना माहीत होतं. बाकीचं मला त्या संध्याकाळी कळलं. त्या आखाजीला मावशी अशीच बारीक होऊन माहेरी आली होती. तिच्याही हातातून बांगड्या सरकत होत्या, आणि मायनं, तेव्हा ती स्वतःच विशीतली, थट्टेनं, आता कशी शोभतेस म्हणत, त्यांना दोरा बांधून दिला होता. कुणी काही विचारलं नाही. मावशीही बोलली नाही. पावसाळा संपायच्या आत ती गेली. आजार होता की सासरचं काही होतं, हे शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलंच नाही. माय म्हणाली, मी तिला फक्त विचारायला हवं होतं. मी तिचा हात धरून बसून राहिले, आणि सकाळपासूनचा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

समजावून काही होणार नव्हतं, हे आता कळलं. आखाजीच्या दिवशी अंगणातल्या लिंबाला झोका बांधलेला असतो. लहानपणी मी गल्लीत सगळ्यात उंच झोका चढवायचे, उभ्यानं. मागची दहा वर्षं मी झोक्याकडे फिरकले नव्हते. फांदी कडकडली तर काय, या भीतीनं. दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, वहिनीला म्हटलं, चल. ती एका टोकाला, मी एका टोकाला, दोघी उभ्या. पदर खोचला आणि गुडघे वाकवून जोर लावायला सुरुवात केली. गुडघ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. झोका वर वर जायला लागला, वहिनी ओरडायला लागली, "बस ना वं, मी पडसू!" शेजारच्या बायका जमल्या. माझ्या तोंडाला पानं लागली तरी मी थांबले नाही. इतका आनंद मला कैक वर्षांत झाला नव्हता.

माय ओसरीवर उभी होती. मी उतरले, घामानं निथळत होते, धाप मात्र लागलेली नव्हती. ती जवळ आली, माझ्या छातीवर तळहात ठेवला, मग पाठीवर. मग दंड दाबून पाहिला. "घट्ट शे," म्हणाली. आणि आत जाताना पहिल्यांदा नीट विचारलं, ती डॉक्टरीण काय काय खायला सांगते म्हणून. मी सांगत गेले. पोळी किती, रस किती, कुठे थांबायचं. ती मान हलवत होती.

दुपारी पंगत बसली. आमरस, कुरडया, आणि खापरावरची पुरणपोळी. ही पोळी माय हातांवर झुलवून झुलवून रुमालाएवढी मोठी करते; एक खाल्ली तरी माणूस तृप्त होतो, आणि आमच्याकडे तीन खाल्ल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत. मी मनाशी ठरवलं होतं, एक पोळी, एक वाटी रस. ती एक पोळी मी फार सावकाश खाल्ली. संपली. माय दुसरी घेऊन वाढत वाढत आली. भावाला वाढली, त्याच्या पोरांना वाढली, माझ्यापाशी आली, माझ्या ताटाकडे पाहिलं, आणि पोळी परडीत ठेवून दिली.

"तुले बस वं," म्हणाली. "जास्त झायं तं तुले तरास व्हई."

सेहेचाळीस वर्षांत मायनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. हेच तर मला हवं होतं. यासाठीच मी झोका चढवला होता. ती पुढे गेली, वहिनीच्या ताटात पोळी पडली, वहिनी नको नको म्हणाली, माय तिला रागावली, आणि माझं ताट रिकामंच राहिलं. आग्रह न करणारी माय मला कधी माहीतच नव्हती, आणि त्या क्षणी मला ती नको होती.

मी हाक मारली. "माय. आजून अर्धी दे ना."

ती वळली. पोळी परडीतून उचलली, पण वाढली नाही. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग विचारलं, "भूक शे, की मनासाठे?"

"मनासाठे," मी म्हटलं.

मायनं पोळीचे बरोबर दोन भाग केले, एक माझ्या ताटात ठेवला, आणि वर तूप घातलं.