देवीसाठी चालते ती गोळी

“तुला एंडोमेट्रिओसिस आहे,” स्त्रीरोगाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं मी नाटकं करत नव्हते!

शाळेपासून पाळी आली की मी पोट धरून लोळायचे. घरात एकच उत्तर, “बाईच्या जातीले एवढं दुखतेच.” मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली, तिथल्या डॉक्टरसाहेबांनी पित्ताचं निदान केलं. मीही मुकाट्याने गोळ्या खाल्ल्या.

बाईंनी नीट समजावलं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, भलतीकडेच वाढतात. दर महिन्याला त्याही सुजतात, त्यांतून रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात. माझ्या डाव्या ओव्हरीत, म्हणजे अंडाशयात, जुन्या रक्ताची गाठ होती. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला दंडवत!

दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं आणि नंतर पाळी थांबवणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या, असं ठरलं. ते ऐकून आई बिथरली.

“पाळी बंद करून राहिली? काहून वं, लेकरंबाळं नको का तुले? लग्न झालं का दुखणं जाते आपोआप.”

माझं डोकंच सणकलं. महालक्ष्म्यांच्या सणात विटाळ नको म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी दर भादव्यात हीच आई माझ्या हातावर ठेवायची. तेही कुठल्या डॉक्टरला न विचारता.

“देवीसाठी गोळी चालते अन् माह्यासाठी नाही?” मी ओरडले.

आईला घेऊनच पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “लग्न हा इलाज नाही. गोळ्या थांबवल्या की पाळी परत येते. मूल होईल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण म्हणून दुखणं अंगावर काढू नका.”

ऑपरेशननंतर बाईंनी आतले फोटो दाखवले. अंडाशय, आतडं, सगळं चिकटलेलं. आईने एकेक फोटो हातात घेऊन बघितला.

“मलेही असंच दुखे,” ती म्हणाली. “कोणाले सांगू?”

मैत्रिणींनो, तुम्ही सांगा. एका डॉक्टरने उडवून लावलं तर दुसरीकडे जा. हा आजार परत उलटू शकतो, हे मला ठाऊक आहे. उलटला तर पुन्हा भांडेन.

घरी आल्यावर मावशीचा फोन आला. अशा मुलीशी लग्न कोण करणार, म्हणत होती.

“नाही करन तर नाही करन,” आई कडाडली. “माही पोरगी आता लोळणार नाही.”