पाठ असलेली माणसं

उद्धवरावांना माणसं पाठ होती. देहूरोडच्या आमच्या गॅस एजन्सीत मी त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरवर बसते, पण सात वर्षांत त्यांनी माझ्या स्क्रीनकडे मान वळवून पाहिलं नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की उद्धवराव डोळे अर्धवट मिटून भजनाच्या चालीत सुरू: ग्राहक क्रमांक, मोबाइल, जन्मतारीख, आधारचे शेवटचे चार आकडे. रांगेतली माणसं हसायची, कुणी टाळ्या वाजवायचं. मी नाक मुरडायची. खरं सांगते, हेवा वाटायचा.

दुपारी गर्दी ओसरली की ते हरवून जात. "श्रद्धा, आज किवळ्यात तिघांचे वाढदिवस आहेत," असं मध्येच पुटपुटत. लातूरहून एकटेच आलेले, लग्न राहून गेलेलं. संध्याकाळी रावेतला घरी जाताना उंच इमारतींमधली एकेक खिडकी उजळायची आणि त्यांना त्या घरातल्या तारखा आठवायच्या. एवढी सगळी घरं आपल्या ओळखीची आहेत, या गुंगीत ते सावकाश चालत राहायचे.

मग एके सकाळी गिरजाबाई आल्या. रावेतच्या जुन्या गावठाणात एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या. हातात फायनान्स कंपनीची नोटीस. त्यांच्या नावावर कुणीतरी कर्जानं मोटारसायकल उचलली होती आणि हप्ते थकवले होते.

"मला सायकल बी येत न्हाई," त्या म्हणाल्या.

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. फोन-बिन आला होता का, मी विचारलं.

"आला व्हता की, तुमच्याच हापिसातून. मोबाइलवर आलेला आकडा सांगा म्हनला. सांगितला."

"आजी, असा कुणालाही सांगतात का?" मी चिडलेच.

"कुनालाबी कशी सांगीन? त्यानं माझं समदं म्हनून दाखवलं. ह्याच चालीत. म्हटलं, उद्धवरावांचाच मानूस हाय."

उद्धवरावांनी ती नोटीस ओढून घेतली आणि दोनदा वाचली. कधीतरी कुणीतरी रांगेत मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून उभं राहिलं असणार, आणि बाकीची रांग टाळ्या वाजवत होती.

मॅनेजर म्हणाले, गप्प बसा, आपलं नाव कुठेच आलेलं नाही. मीही तेच म्हणाले, कारण उद्धवरावांच्या निवृत्तीला दीडच वर्ष होतं. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. गिरजाबाईंना घेऊन ते पोलिसांकडे गेले आणि ही माहिती आपल्याच तोंडून बाहेर गेली, असं सही करून लिहून दिलं. त्या जबाबामुळे बाई कर्जातून सुटल्या. उद्धवरावांना मात्र काउंटरवरून उठवून मागच्या गोदामात बसवलं.

परवा गिरजाबाई टाकी सांगायला आल्या आणि माझ्या खिडकीशी न थांबता थेट गोदामात शिरल्या. मी मागोमाग धावले. झरोक्यातून ऊन येत होतं आणि लाल टाक्यांच्या मधोमध उद्धवराव स्टुलावर बसले होते, झोपेत असल्यासारखे.

"म्हना की माझा नंबर," त्या कौतुकानं म्हणाल्या.

उद्धवरावांनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं.

"विसरलो, बाई," ते म्हणाले. "कार्ड आणत जा."

गिरजाबाईंचा चेहरा पडला.

"समदं इसरला? माझी तारीखबी? माज्या लेकालाबी ती ठाव न्हाई वो."

मी गिरजाबाईंना हाताला धरून माझ्या खिडकीशी आणलं आणि कार्ड मागितलं.